पाकटाचं सुतक उंदराला येतं का

ताई,

तुला नेलं त्याच्या दुसऱ्या दिवशी आईनं मला एक काम सांगितलं. हॉलमध्ये जिथं तुला ठेवलं होतं त्या जागेला लागून, भिंतीला पाठ टेकून ती बसली होती. म्हणाली, "इतकी वर्षं लोकांच्या बातम्या काढतोस. ती कुठं गेली तेवढी काढ."

मी म्हणालो की अशी बातमी निघत नाही. ती म्हणाली, "मग मी इथून हलत नाही."

तिचं म्हणणं अगदी शब्दशः तसंच होतं. पालेगावच्या रस्त्यावरचा तुमचा तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट तुझ्यामागे तिला एकटीनं सांभाळणं शक्य नव्हतं. गुडघे, साखर, गॅस बंद केला की नाही याचा विसर, हे सगळं तू माझ्यापेक्षा जवळून पाहिलंस. बदलापूरला माझ्याकडे एक खोली रिकामी होती. पण ती उठेना आणि धड जेवेना. चहा, अर्धी भाकरी, गोळी, पुन्हा चहा. डॉक्टरांनी बजावलं की हे असंच चाललं तर दाखल करावं लागेल. त्यावर ती शांतपणे म्हणाली, "करा. तिलाही तिथंच नेलं होतंत." त्यानंतर तिला घरात एकटं सोडून खाली दूध आणायला जायचीही माझी हिंमत झाली नाही.

तुझ्याविषयी लोक काय बोलले ते इथं लिहीत नाही. ते कॉलेजच्या शोकसभेत झालं, आणि त्यातलं बरंचसं खरंही होतं. तू गेल्यानंतर घरात जे घडलं ते तुला सांगायचं आहे. ते तुझ्या विषयातलं आहे आणि मला समजलेलं नाही.

तुझा प्राणिशास्त्राचा विषय कुठून सुरू झाला ते आपल्या दोघांनाच माहीत. लहानपणीची कॅम्प चारची खोली, तिची ती अरुंद मोरी, आणि दत्तूमामानं गावाहून बर्फात घालून आणलेलं पाकट. चपटा, दोन्ही बाजूंना पंखांसारखा पसरलेला मासा. आईच्या माहेरी, किनाऱ्यावर, तो मटणासारखा वाटण लावून करायचे. खूप दिवसांनी मिळालं म्हणून आई खुशीत होती. विळी मोरीत घेऊन बसली, पोट उघडलं आणि थांबली. आत पिल्लं होती. पंख अंगाभोवती गुंडाळलेली, पानाच्या विड्यासारखी. त्यातल्या एकाचा विडा ओल्या फरशीवर हळूहळू उलगडला. ते मेलेलंच असणार, कारण त्याची आई बर्फात आली होती. पण उलगडलं हे मी पाहिलं आणि तूही पाहिलंस. पुढे कितीतरी वर्षं आपण दोघं एकमेकांना विचारत राहिलो की नक्की उलगडलं होतं ना.

आई म्हणाली, "पोटुशी होती. मला कोणी सांगितलं नाही." त्या दिवशी जेवायला नुसता भात आणि लोणचं होतं. घरात पाकट पुन्हा आलं नाही.

तू मामाला विचारलंस की मासे तर अंडी घालतात, पुस्तकात तसं आहे. मामा म्हणाला, "पुस्तकवाल्यांनी पाकट खाल्लं नसेल." तू ते पिल्लू लोणच्याच्या रिकाम्या बरणीत स्पिरिट घालून माळ्यावर ठेवलंस. मी त्या बरणीला घाबरायचो. पाकटाला पाठीकडून पाहिलं तर तो मासा दिसतो. पोटाकडून पाहिलं तर चेहरा दिसतो. दोन नाकपुड्या डोळ्यांसारख्या, खाली रुंद तोंड, आणि ते तोंड हसल्यासारखं. बरणी हलली की तो चेहरा काचेकडे वळायचा. तू मला सांगायचीस की ते डोळे नाहीत, डोळे मागच्या बाजूला आहेत. त्यानं माझी भीती वाढायचीच.

त्याच सुमारास पिंजऱ्यात उंदरीण सापडली. बाबा कामावरून येऊन तिला नाल्यात सोडणार होते, पण दुपारीच पिंजऱ्यात तिला पिल्लं झाली. गुलाबी, बंद डोळ्यांची, केस नसलेली. तू माळ्यावरची बरणी खाली काढलीस, पिंजऱ्याशेजारी ठेवलीस आणि कितीतरी वेळ इकडून तिकडं पाहत राहिलीस. मग मला म्हणालीस, "सारखीच आहेत बघ."

मी म्हणालो की तो मासा आहे.

तू म्हणालीस, "आत्ता आहे."

तेव्हा तू सहावीत असशील. पुढे तुझ्या शिकवण्यात जे जे आलं ते त्या दोन शब्दांच्या मागेच होतं असं मला आता वाटतं. पाकट आणि उंदीर, दोघांनाही मणका, दोघांनाही जबडा, दोघांच्याही पोटात पिल्लू वाढतं. उंदराच्या गर्भाच्या गळ्यापाशी काही काळ कल्ल्यांसारख्या खाचा दिसतात आणि मग त्या जबड्याच्या, कानाच्या कामाला लागतात. पाकटाची मादी पिल्लांना पोटातल्या पोटात दुधासारखं काहीतरी पाजते. हे शेवटचं तू एकदा जेवताना आईला सांगितलंस. तिनं घास खाली ठेवला आणि म्हणाली, "हे मला आता कशाला सांगतेस?"

वालधुनीचा पूल आठवतो का? जीन्सच्या कारखान्यांचं पाणी नाल्यात यायचं. कधी निळं, कधी जांभळं. शाळेतून येताना तू कठड्याला धरून खाली बघत राहायचीस की काही जिवंत दिसतं का. काहीच दिसायचं नाही. एक दिवस त्या निळ्या पाण्यातून एक उंदीर पोहत गेला. नाक वर, अंग सपाट, मागे शेपटीची लांब रेघ. मी ओरडलो. तू शांतपणे म्हणालीस, "आठवलं त्याला." मी विचारलं, काय आठवलं? तू माझं दप्तर तुझ्याकडे घेतलंस आणि चालायला लागलीस. माझं दप्तर तू रोजच घ्यायचीस, आणि त्याबद्दल मी तुला कधी काही म्हटलेलं नाही. ते आता म्हणतो.

बाबांचे कोणी चुलत चुलते गावाला वारले तेव्हा सुतकाचं प्रकरण झालं. आपण त्यांना कधी पाहिलेलंही नव्हतं. तरी घरात तीन दिवस देवपूजा बंद, कोणाकडे जायचं नाही. तू आईला विचारलंस की हे कुठपर्यंत चालतं. आई म्हणाली, "सात पिढ्यांपर्यंत धरायचं. त्यापुढं नुसती आंघोळ. त्याच्याही पुढं, ऐकलं न ऐकलं."

हे वाक्य तू उचललंस आणि कॉलेजात चालवलंस. कांबळे मॅडमनी मला ते सगळं सांगितलं. त्या तुझ्या शेजारच्या प्रयोगशाळेत केमिस्ट्री शिकवतात आणि भिंतीपलीकडून तुझे तास ऐकत आल्या आहेत. दर वर्षी पहिल्या तासाला तू दोन बरण्या टेबलावर ठेवायचीस. एकीत पाकटाचं पिल्लू, दुसरीत उंदराचं, आणि वर्गाला विचारायचीस की पाकट मेलं तर उंदराला सुतक येतं का. अर्धा वर्ग सिंधी, त्यांना आधी सुतक म्हणजे काय ते समजावायचं. एका वर्षी मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "नहीं लगता, मॅम. उसको तो गणपती का पास है, कहीं भी जा सकता है." वर्ग हसला, तूही हसलीस, आणि मग म्हणालीस की बरोबर, येत नाही, चाळीस-पंचेचाळीस कोटी वर्षांपूर्वी त्यांचं घर वेगळं झालं. पण ऐकलं न ऐकलं एवढं नातं अजून आहे.

आपलं भांडण इथंच होतं. मी म्हणायचो की सगळेच नातेवाईक असतील तर नातेवाईक या शब्दाला अर्थ उरत नाही. इतकं लांबचं नातं हे नातं नाही, तो योगायोग आहे. तू मला विचारलंस, बदलापुरात तुझ्या मजल्यावर पलीकडच्या दारात कोण राहतं ते सांग. मला नाव सांगता आलं नाही. तू म्हणालीस, "नातं विसरल्यानं तुटत नाही रे. फक्त कोणी आमंत्रण देत नाही."

मी हरलो असं मला वाटलं नव्हतं. अजूनही वाटत नाही.

शेवटचं भांडण फोनवर झालं. तुला पायांचं वेड लागलं होतं. पाकटाच्या कुळातले काही मासे समुद्राच्या तळाशी पोहत नाहीत, पंखांखालच्या दोन छोट्या परांनी डावा-उजवा करत चालतात, आणि त्या परांना चालवणाऱ्या मज्जातंतूंची जोडणी उंदराच्या पायांच्या जोडणीसारखीच आहे, असं तू सांगत होतीस. म्हणजे चालणं जमिनीवर सुरू झालंच नाही, पाण्यातच सुरू झालं. पाय नंतर आले. तू उत्साहात होतीस आणि मी बातमी तपासावी तसे प्रश्न विचारत होतो. मी म्हणालो, मला मधला दाखव. ज्याच्यापासून हेही निघालं आणि तेही, तो.

"तो कोणी पाहिलेला नाही."

"मग?"

"काही उमटलं नाही म्हणजे नव्हतं असं नसतं."

मी म्हणालो, आमच्या कामात अगदी तसंच असतं, उमटलं नाही म्हणजे नव्हतं. तू म्हणालीस, "अवघड आहे मग तुमचं." मागे कुकरची शिट्टी झाली आणि तू फोन ठेवलास. त्यानंतर तुझा आवाज मी ऐकला नाही. दवाखान्यात मी पोचलो तेव्हा तू बोलत नव्हतीस.

आता पुढचं.

दहाव्याला नदीवर कावळा लगेच शिवला. आम्हाला सगळ्यांना हायसं वाटलं. घरी येऊन आईला सांगितलं तर ती म्हणाली, "कावळा भुकेला शिवतो." मग तिनं दत्तूमामाला पीठ पसरायला सांगितलं.

ही त्यांच्या गावाकडची रीत तू ऐकली होतीस, पाहिली नव्हतीस. जिथं देह ठेवला होता ती जागा पुसून तिच्यावर तांदळाचं पीठ वस्त्रगाळ करून पातळ पसरायचं. ताटाच्या काठानं सारखं करायचं. वर टोपली पालथी घालायची, बाहेर दिवा ठेवायचा. सकाळी टोपली उचलून पाहायचं. जे पाऊल उमटलेलं असेल त्या जन्माला माणूस गेलं. पक्ष्याची नखं असतील तर पक्षी, नुसती रेघ असेल तर साप, बाळाचं पाऊल असेल तर सगळ्यात चांगलं. मामानं अंबरनाथच्या बाजारातून नवी टोपली आणली. तिचा काठ एका बाजूला जमिनीला टेकत नव्हता. मी ते दाखवलं तर तो म्हणाला, "वाट ठेवायलाच हवी."

कांबळे मॅडम आल्या होत्या. रोजच येत होत्या. आईला म्हणाल्या, "आमच्यात हे असलं काही नसतं, आई. पण मी सकाळी येईन." मग माझ्या बाजूला येऊन तुझ्याबद्दल हळूच म्हणाल्या, "नलू मॅडमनी पिठावर आकृती काढली तरी भागांना नावं देतील. नावं नसलेल्या आकृतीला त्यांनी कधी मार्क दिले नाहीत." मी बऱ्याच दिवसांनी हसलो. आईनं आमच्याकडे पाहिलं, पण रागावली नाही.

मला त्या पिठाचं काही वाटत नव्हतं. मला एवढंच हवं होतं की काहीतरी उमटावं आणि आईनं जेवावं. पालेगावात शेतं खणून इमारती उठताहेत, बिळं मोडलेले उंदीर पाइपांवरून वर चढतात, हे तूच मला सांगितलं होतंस. तिसऱ्या मजल्यावर तांदळाचं पीठ उघड्यावर ठेवलं तर सकाळी काय दिसेल हे मी आदल्या संध्याकाळीच लिहून देऊ शकलो असतो.

सकाळी मामानं आंघोळ करून टोपली उचलली. मी, तो आणि कांबळे मॅडम वाकून पाहत होतो. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

उंदीर होता. त्याचे ठसे होते, त्यांच्या मधोमध शेपटीची रेघ. ते मी धरूनच चाललो होतो. पण ठसे सुरू होत होते पिठाच्या मध्यातून. तिथं पीठ हाताच्या दोन विती रुंद असं सपाट झालं होतं, बाकीच्या पिठापेक्षा गुळगुळीत, आणि त्या सपाट जागेला आकार होता. पुढे टोक, दोन्ही बाजूंना निमुळते होत गेलेले पंख. पंख जिथं मागे मिळतात तिथून रेघ निघत होती आणि रेघेच्या दोन्ही बाजूंना पावलं. ती टोपलीच्या वर उचललेल्या काठाकडे गेली होती. बाहेर जाणारी पावलं होती. आत येणारं एकही नव्हतं.

मी फोनवर फोटो काढला. सवयीनं.

मामा म्हणाला, "गरुड आहे. मोठं भाग्य." कांबळे मॅडम एक पाऊल मागे सरल्या.

दारातून आई म्हणाली, "पाकट आहे ते."

ती जवळ आली नव्हती. मामानं पुन्हा वाकून पाहिलं आणि त्याचा चेहरा बदलला. त्यानं आयुष्यभर पाकटं पाहिली आहेत. मग म्हणाला की असं चालत नाही, एका जिवाला दोन जन्म नसतात, काहीतरी चुकलं आहे, आज संध्याकाळी पुन्हा पसरू.

आई म्हणाली, "पुन्हा नाही. एकदा विचारलं ते विचारलं." आणि माझ्याकडे वळली. "तू सांग. याच दोघांवरून भांडायचास ना तिच्याशी? कोणातली ती?"

मला काय वाटत होतं ते तुला सांगतो. ते सपाट काम हाताचं होतं हे मला लगेच कळलं होतं. दोन तळवे जोडून बाहेरच्या बाजूला ओढले की तो आकार होतो. आत येणारी पावलं का नाहीत याचंही उत्तर त्यातच होतं. उंदीर येऊन गेला असणार, मग कोणीतरी मधलं पीठ सारवलं आणि येतानाची पावलं पुसली गेली. आणि घरात सगळ्यात आधी कोण उठतं हेही मला माहीत होतं. मी आईच्या हातांकडे पाहिलं. तिची आंघोळ झाली होती, हात स्वच्छ होते. मला सुटल्यासारखं वाटलं. माणसाच्या हातानं झालेल्या गोष्टीची भीती नसते.

ते मी बोललो नाही. बोललो ते तुझं वाक्य होतं. मी म्हणालो, "कोणातली असं नाही, आई. ताईच्या हिशेबानं दोघं एकाच घरातली."

मामा नाराजीनं खाकरला. आई म्हणाली, "म्हणजे घरातच आहे." ती येऊन पाटावर बसली आणि तिनं भात वाढायला सांगितला. कांबळे मॅडमनी वरण गरम केलं. आईनं दोनदा भात मागून घेतला. मी तिच्यासमोर बसून पाहत होतो आणि मनात तुझे आभार मानत होतो. ज्या वाक्याशी मी इतकी वर्षं भांडलो तेच त्या सकाळी माझ्या हाताशी होतं. दुसरं काही नव्हतं.

दोन दिवसांनी ती माझ्याबरोबर बदलापूरला आली. हट्ट नाही, रडणं नाही. तुझा चष्मा आणि घड्याळ एका रुमालात बांधून तिनं स्वतःच्या पिशवीत ठेवलं. पिठाची जागा तिनं स्वतः पुसली, कोणाला पुसू दिली नाही.

इथं ती बरी आहे. साखर ताब्यात आहे. समोरच्या दारात राहणाऱ्या बाईंचं नाव तिनं दुसऱ्याच दिवशी मला सांगितलं. त्या कर्जतच्या आहेत, सून नोकरी करते, मुलाला मूतखडा आहे. दुपारी दोघी बसतात. हे ऐकून तू काय म्हणाली असतीस ते मला माहीत आहे, आणि ते तू म्हणत नाहीस याची मला दर दुपारी आठवण होते. भांडायला समोर कोणी नसलं की माणसाला आपली बाजू किती तोकडी होती ते कळतं. मला तुला एवढंच सांगायचं होतं की ते दोन बरण्यांचं मला आवडायचं. मी वर्गात शेवटच्या बाकावर बसून एकदा ते ऐकायला हवं होतं. तू दोनदा बोलावलंही होतंस.

गेल्या आठवड्यात, दुपारी, आई मेथी निवडत बसली होती. मी घरीच होतो. तिचं मन आता सावरलं आहे असं वाटलं म्हणून मी विषय काढला. म्हणालो की पाकट तूच काढलंस हे मला त्याच सकाळी कळलं होतं, आणि बरं केलंस.

तिनं नाकारलं नाही. मेथीची जुडी उलटी केली आणि सांगायला लागली. उजाडायच्या आधी उठली, आंघोळीला जाण्यापूर्वी राहवलं नाही म्हणून टोपली उचलून पाहिली. पीठ जसंच्या तसं होतं. ताटाच्या काठानं मामानं सारखं केलं होतं तसंच, रेघसुद्धा नाही. तिला वाटलं, एवढी शिकलेली पोर, एवढे जीव हाताळलेली, आणि तिचं कुठंच काही नाही. असं कोरं पीठ दत्तूला कसं दाखवायचं? तिनं दोन्ही हात टेकवले. पाऊल काढायचं होतं, बाळाचं. पण हातातून दुसरं काही आलंच नाही, ते मोरीतलं पाकट आलं. मग टोपली झाकली आणि आंघोळीला गेली.

मी म्हणालो, म्हणजे उंदराची येतानाची पावलं तुझ्या हातानं पुसली गेली.

ती म्हणाली, "अरे, मी काय सांगतेय? पीठ कोरं होतं. उंदीर तेव्हा आलाच नव्हता."

"मग नंतर आला असेल."

"असेल. मग आत येताना कुठून आला ते तू बघ. मला एवढंच ठाऊक आहे की मी पंख काढले. शेपटी नव्हती काढली. दत्तूनं आणलं होतं त्याची शेपटी गावालाच तोडलेली, मला ती सुचलीच नाही." ती पुन्हा मेथीकडे वळली. "मी तिला विचारलं, तिनं पुढचं सांगितलं. माझं झालं समाधान. तू कशाला घाबरतोस?"

तिच्या आवाजात भीती नव्हती. ती खरोखरच समाधानी होती. काड्या वेगळ्या काढून तिनं पानं पाण्यात टाकली.

मी आतल्या खोलीत जाऊन फोटो उघडला. त्या सकाळनंतर मी तो पाहिला नव्हता. मोठा करून रेघेच्या कडेनं काठापासून मागे मागे येत गेलो. काठाजवळचे ठसे कोणत्याही उंदराचे असावेत तसे आहेत. पुढच्या पायांना चार बोटं, मागच्या पायांना पाच, नखांसकट. मध्ये आलं की बोटं एकमेकांना चिकटलेली आहेत, माशाच्या परासारखी. पीठ तिथं जाड असेल, प्रकाश कमी असेल, हे सगळं मी धरून पाहिलं. मग पंखांच्या अगदी मागे, जिथून चालणं सुरू होतं, तिथं पोचलो.

ताई, पहिल्या दोन ठशांना बोटंच नाहीत.